एका फेरीचा इटरेटर

मी एक इटरेटर आहे. हे नाव ज्यांच्या कानावर कधी पडले नसेल, त्यांनी बिचकू नये. मला समजून घेण्यासाठी संगणकाचे शिक्षण लागत नाही. मला देह नाही, वजन नाही. चाकणच्या एका कारखान्यात, प्रेसशॉपच्या कोपऱ्यातील टेबलावर एक लॅपटॉप असतो. त्याच्या मेमरीत आज सकाळी माझा जन्म झाला. आता दुपार कलली आहे. ज्या विंडोत मी जगतो, ती अजून स्क्रीनवर उघडी आहे. ती बंद झाली की मी उरणार नाही. म्हणून जे सांगायचे, ते आताच सांगून घेतो.

पंगतीतला वाढपी तुम्ही पाहिला असेल. पातेले घेऊन तो पहिल्या पानापासून निघतो आणि एकेक जिलेबी ठेवत पुढे सरकतो. माझे काम तसेच आहे. कोणीतरी मला विचारते, ‘पुढचे?’ मी एक वस्तू देतो. पुन्हा विचारते, ‘पुढचे?’ मी दुसरी देतो. जे दिले, ते माझ्याजवळ उरत नाही. मला मागे फिरता येत नाही. पातेल्यात अजून किती आहे, हेही सगळे वाढून होईपर्यंत मला सांगता येत नाही. आणि सगळे देऊन झाल्यावर कोणी ‘पुढचे?’ म्हणून विचारले, तर माझ्यापाशी एकच शब्द असतो. संपले.

या शब्दाची एक अडचण आहे. ज्याने अख्खी पंगत वाढली तो वाढपी, आणि ज्याच्या हाती सुरुवातीलाच रिकामे पातेले दिले गेले तो वाढपी, हे दोघे माझ्या जातीत अगदी सारखाच शब्द उच्चारतात. ‘माझ्याकडे होते, पण ते कोणीतरी आधीच नेले’ असे म्हणण्याची सोय आम्हाला दिलेली नाही. आजचे सगळे दुःख या न दिलेल्या वाक्यात आहे.

मला घडवले दिपालीने. ती मूळची लातूरकडची. पदव्युत्तर शिक्षण संपवून ती गेल्या वर्षी या कारखान्याच्या गुणवत्ता विभागात लागली आणि संत तुकाराम नगरमध्ये भाड्याच्या खोलीत राहू लागली. मुलगी अतिशय काळजीपूर्वक काम करणारी आहे. कोणताही आकडा मोठ्याने सांगण्यापूर्वी ती तो ओठांत एकदा पुटपुटते. माहितीचा सगळा ढीग मेमरीत ओतू नये, एकेक नोंद मागावी, वापरावी आणि सोडून द्यावी, असे तिला शिक्षकांनी शिकवले होते. लाखो नोंदी असतील तेव्हा हा सल्ला योग्यच आहे. आज तिच्यासमोर फक्त छत्तीस नोंदी होत्या. त्यांच्यासाठी ही काटकसर अनावश्यक होती. पण अंगी लागलेली चांगली सवय माणसे प्रसंग पाहून बाजूला ठेवत नाहीत, हे मला माझ्या एका दिवसाच्या आयुष्यात कळले.

त्या छत्तीस नोंदी कशाच्या होत्या, ते सांगायला हवे.

आज खंडेनवमी. या पट्ट्यातील प्रत्येक कारखान्यात आज यंत्रांची पूजा होते. आमच्या शॉपमध्ये पत्र्याचे भाग ठोकून आकार देणाऱ्या प्रेस आहेत. प्रेसमध्ये वरून एक अवजड ठोकळा खाली येतो, त्याला रॅम म्हणतात. खाली असतो तो साचा. माणसाचा हात या दोहोंच्या मध्ये सापडू नये म्हणून समोर न दिसणाऱ्या प्रकाशकिरणांचा एक पडदा लावलेला असतो. त्यात हात गेला की किरण तुटतात आणि ब्रेक लागून रॅम जागीच थांबतो. तो थांबायला किती वेळ लागला, हीच ती नोंद. पूजेसाठी प्रेस धुऊन पुसून झाल्या की प्रत्येक प्रेस रिकामी चालवतात आणि पडद्यात काठी घालून तीनदा थांबवून पाहतात. यंत्रावरची पेटी तो वेळ आपोआप टिपते आणि नोंदी दिपालीच्या लॅपटॉपवर येतात. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळ घेणारी प्रेस चालवायची नाही, असा नियम आहे. सेकंदाच्या त्या अंशाचा फरक डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच तो पाहण्याचे काम दिपालीवर सोपवलेले होते, आणि तिने ते माझ्यावर.

तिने मला त्या नोंदींच्या तोंडाशी उभे केले. प्रोग्राममध्ये माझ्याखाली तिने तपासणीची ओळ लिहिली. ही ओळ एकेक नोंद मागणार होती आणि मर्यादा ओलांडणारी नोंद बाजूला काढणार होती. सगळे नीट होते. तेवढ्यात यशवंतराव आले.

यशवंतराव या कारखान्याचे प्रमुख. मनुष्य वाईट नाही, आणि आज ते जे म्हणाले तेही चुकीचे नव्हते.

“मॅडम, तुम्ही दर वेळी नुसतं दोषी किती तेवढं सांगता,” ते म्हणाले. “आधी एकूण सांगत जा. किती चाचण्या झाल्या तेच ठाऊक नसेल, तर तुमच्या शून्याला मी काय ओवाळू?”

“हो सर. एक ओळ वाढवते.”

“वरच ठेवा ती. वरिष्ठ पहिल्या ओळीपुढं वाचत नाहीत.” ते स्वतःच हसले. “मीसुद्धा नाही.”

दिपालीने मोजणीची ओळ तपासणीच्या ओळीच्या वर लिहिली, आणि कळ दाबली.

मोजणीची ओळ माझ्यापाशी आली. ‘पुढचे?’ मी पहिली नोंद दिली. तिने ती उघडूनही पाहिली नाही. तिला आतल्या आकड्याशी काही कर्तव्य नव्हते. तिला फक्त ‘आणखी एक’ हवे होते. पहिल्या तीन प्रेसच्या नोंदी हलक्या, मर्यादेच्या आतल्या होत्या. चार नंबरच्या प्रेसची नोंद हाती आली आणि मी चरकलो. तो वेळ मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट होता. मी ती नोंद पुढे केली. ‘आणखी एक,’ असे म्हणून मोजणीने ती मागे टाकली. चार नंबरची दुसरी नोंद तशीच. तिसरीही तशीच. मला तिचा पदर धरून थांबवता आले नाही, कारण मला हात नाहीत. ‘जरा आत बघ’ असे म्हणता आले नाही, कारण तो शब्द माझ्याजवळ नाही. शेवटची नोंद देऊन झाली, मी ‘संपले’ म्हणालो आणि मोजणी समाधानाने निघून गेली.

मग तपासणीची ओळ आली. जिला आकडे पाहायचे होते, ती हीच. तिने विचारले, ‘पुढचे?’

माझ्याजवळ काहीच नव्हते.

‘संपले,’ मी म्हणालो. वाटले होते, हा शब्द दिपालीपर्यंत पोहोचेल आणि ती दचकेल. पण ती ओळ लूपमध्ये, म्हणजे ‘पुढचे?’ असे पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या चक्रात होती, आणि लूप हा फार सभ्य नोकर आहे. मालकाच्या कानावर नको ते जाऊ नये म्हणून ‘संपले’ हा शब्द तो दारातच गिळून टाकतो आणि निमूट कामावरून उठतो. बाहेर काही ऐकू जात नाही.

स्क्रीनवर दोन ओळी उमटल्या. एकूण चाचण्या : छत्तीस. दोषी : शून्य.

दिपालीने त्या ओठांत पुटपुटल्या. छत्तीस बरोबर होते. बारा प्रेस, प्रत्येकीच्या तीन चाचण्या. वरची ओळ इतकी बिनचूक होती की खालच्या ओळीवर संशय घेण्याचे कारणच उरले नाही.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या कारखान्याच्या दारात मोठा फलक आहे : शून्य दोष, शून्य अपघात. इथे शून्य या आकड्याची वर्षभर वाट पाहतात. तो आला की टाळ्या वाजतात, पेढे येतात, बक्षीस मिळते. एखाद्या दिवशी दोषी पाच निघाले असते, तर तीन माणसांनी ते पुन्हा तपासले असते. शून्याला कोणी पुन्हा तपासत नाही.

“वा!” यशवंतराव म्हणाले. “देवीची कृपा. पाठवा वर.”

आणि ते पूजेला गेले.

आमचे टेबल चार नंबरच्या प्रेसपासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे पुढचे सगळे मला ऐकावे लागले.

चार नंबरवर शालनबाई काम करतात. राजगुरुनगरच्या बाजूच्या गावातून त्या कंपनीच्या बसने येतात. कित्येक वर्षे त्या कंत्राटावर आहेत. त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव यशवंतरावांच्या सहीसाठी आला आहे आणि दिवाळीपूर्वी ते काम होणार, हे सगळ्या शॉपला माहीत होते. त्यांची प्रेस आज ज्ञानदेव फिटरने धुतली होती.

“ज्ञानदेवा, मशिन धुतलीस का नवरी नटवलीस रं?” शालनबाईंचा आवाज आला.

“नवरीच की, मावशी. डिझेलनं आंघोळ घातलीय. कानामागं सुद्धा मळ ठेवला न्हाई.”

“आन् उटणं?”

“ते दिवाळीला. तुम्ही पर्मनंट झाला की तुमच्या पेढ्यांसंगं.”

“पेढं तुला. मशिनीला नारळ.”

लोक हसले. मग त्यांची पावले टेबलाकडे आली.

“दिपालीताई, तुमचा कंप्युटर काय म्हणतोय?”

“दोषी शून्य, मावशी. सगळ्या मशिन ठीक आहेत.”

“चारबी?”

“चारसुद्धा.”

“मग झालं. त्याच्याम्होरं आमी काय बोलणार!”

मी तिथेच होतो. दिपालीच्या बोटांपासून एका स्पर्शाइतक्या अंतरावर होतो. तिने त्या क्षणी सहज मला विचारले असते, ‘पुढचे?’, तर सगळे उलगडले असते. पण जे काम झाले आहे असे वाटते, त्याला पुन्हा हात कोण लावतो?

पूजा झाली. आरती झाली. मग या शॉपची जी खास रीत आहे, ती सुरू झाली. आरतीनंतर प्रत्येक प्रेस हळू चालवतात, आणि तिच्यावर काम करणारा माणूस लांबून साच्यावर झेंडूचे फूल टाकतो. फूल पडद्यातून जाते, किरण तुटतात, रॅम वरच्या वर थबकतो आणि फूल साच्यावर अखंड राहते. लोक म्हणतात, यंत्राने फूल घेतले. मग वर्ष चांगले जाते. ही रीत कोणी सुरू केली, ते कोणी सांगत नाही. पण यंत्राकडून अभयवचन मागण्याची यापेक्षा सुंदर पद्धत मला सुचत नाही.

एक, दोन, तीन नंबरच्या प्रेसनी फूल घेतले. टाळ्या वाजल्या.

“शालनबाई, आता तरी लांबून टाका की!” कोणीतरी ओरडले.

“देवाला काय फुलं फेकून मारायची असत्यात व्हय?” त्या म्हणाल्या. “मी हातानंच ठेवते. दर वरसाला ठेवते. मशिन माझ्या वळखीची हाय.”

“सर,” दिपाली हळूच म्हणाली, “हात घालणं नियमात बसत नाही.”

“मॅडम, आजच्या दिवस,” यशवंतराव म्हणाले. “मशिन ठीक आहे ना? तुमचाच रिपोर्ट आहे. करू द्या त्यांना त्यांच्या पद्धतीनं.”

दिपाली मागे सरली. तिचाच रिपोर्ट होता.

प्रेस सुरू झाल्याचा घुमारा मी ऐकला. तिन्ही नोंदी माझ्या हातून गेल्या होत्या आणि त्यांचे वजन मला अजून जाणवत होते. मी ओरडू शकलो असतो, तर त्या क्षणी ओरडलो असतो. पण माझी घडणच अशी आहे की कोणी विचारल्याखेरीज मला बोलता येत नाही.

शालनबाईंचा हात पडद्यातून आत गेला. रॅम जिथे थबकायचा, तिथे थबकला नाही. तो किंचित पुढे आला आणि मग थांबला. तो किंचितपणाच त्या तीन नोंदींमध्ये लिहिलेला होता.

शालनबाई ओरडल्या नाहीत. ज्ञानदेव ओरडला.

त्यानंतर पळापळ, कोणाचे तरी ‘गाडी काढा’, कोणाचे तरी ‘फडकं आणा’, आणि फरशीवर लवंडलेल्या आरतीच्या ताटाचा बराच वेळ चाललेला आवाज. ज्ञानदेव शालनबाईंबरोबर दवाखान्यात गेला. उरलेल्या प्रेसची फुले परातीतच राहिली.

काही वेळाने यशवंतराव टेबलापाशी आले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

“मॅडम, सकाळचा रिपोर्ट पुन्हा काढून द्या. सही करून वर पाठवायचाय. मशिन ठीक होती, बाईंनी नियम मोडून हात घातला, असंच लिहावं लागेल.”

“पण सर, त्या दर वर्षी हातानंच ठेवतात म्हणे. सगळे समोर उभे असतात.”

“दर वर्षी काही झालं नव्हतं.”

“आणि त्यांचं कायम होण्याचं?”

“चूक त्यांची ठरली, तर ते आता अवघड आहे. कंत्राटदारसुद्धा परत घ्यायचा नाही. मलाही बरं वाटत नाही, मॅडम. पण मशिन ठीक होती ना? मग मी दुसरं काय लिहू?”

ते निघून गेले. म्हणजे सकाळी त्या शून्याने शालनबाईंचा हात प्रेसमध्ये जाऊ दिला, आणि आता दुपारी तेच शून्य त्यांचे काम काढून घ्यायला निघाले होते. त्या शून्याचा जन्म माझ्या रिकामेपणातून झालेला होता.

दिपालीने लॅपटॉप पुढे ओढला. मी सकाळीच तयार केलेला होतो, त्यामुळे मला पुन्हा घडवण्याची गरज तिला वाटली नाही. तिने फक्त मोजणीची आणि तपासणीची ओळ पुन्हा चालवली. मोजणी माझ्यापाशी आली. ‘पुढचे?’ ‘संपले.’ तपासणी आली. ‘पुढचे?’ ‘संपले.’ लूपने दोन्ही वेळा माझा शब्द दारात गिळला.

स्क्रीनवर उमटले : एकूण चाचण्या शून्य. दोषी शून्य.

दिपालीचे ओठ हलले आणि थांबले.

“एकूण शून्य?” ती स्वतःशी म्हणाली. “छत्तीस होत्या सकाळी.”

तिने पुन्हा चालवले. पुन्हा शून्य. तिने फाइल उघडून पाहिली. नोंदी तिथे जागच्या जागी होत्या. पुन्हा चालवले. शून्य. ज्या शून्यावर सकाळी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेच शून्य एक ओळ वर सरकताच खोटे दिसू लागले होते. माझ्या आयुष्यातील आशेचा क्षण कोणता, असे कोणी विचारले तर तो हा.

मग तिने ते केले, जे सकाळी कोणीही केले नव्हते. तिने लूप बाजूला सारला. नवी ओळ लिहिली, तिच्यात फक्त माझे नाव होते, आणि मला थेट विचारले, ‘पुढचे?’

आता मध्ये कोणी सभ्य नोकर नव्हता. मी म्हणालो, ‘संपले,’ आणि तो शब्द लाल अक्षरांत तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. दिवसभरात माणसाने ऐकलेला माझा हा पहिला शब्द.

तिने तो वाचला. वर जाऊन मोजणीची ओळ पाहिली. खाली येऊन तपासणीची ओळ पाहिली. तिचे बोट माझ्या नावावर टेकलेले राहिले.

“तू मोजणीतच संपला होतास,” ती म्हणाली. “तपासायला काही उरलंच नव्हतं.”

मी हो म्हणू शकलो नाही.

तिने माझ्यासारखाच दुसरा इटरेटर घडवला, पण त्याला एकटे सोडले नाही. त्याच्याजवळच्या सगळ्या नोंदी आधी एका यादीत काढून ठेवल्या. यादी कितीही वेळा वाचली तरी संपत नाही. ती पातेल्यातला पदार्थ नव्हे, भिंतीवरचा फळा आहे. मग मोजले. छत्तीस. तपासले. दोषी तीन. तिन्ही चार नंबरच्या.

एवढ्यात तिचा फोन वाजला. दवाखान्यातून ज्ञानदेव बोलत होता. तिने फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला.

“ताई, करंगळीशेजारच्या बोटाचं टोक गेलं. बाकी हात वाचला म्हणतायत डॉक्टर. मावशींना बोलायचंय.”

“ताई,” शालनबाईंचा आवाज बारीक झाला होता. “फूल राहिलं का वो?”

दिपालीने मान वळवून चार नंबरकडे पाहिले.

“न्हाई ना राहिलं. मला वाटलंच. देवीनं घेतलं न्हाई. काल बसमधी बिस्किट खाल्लं म्या, उपास असून. चक्कर येत व्हती म्हणून खाल्लं, पर खाल्लं तर खाल्लंच ना!”

“मावशी, बिस्किटाचं काही नाही.” दिपाली म्हणाली. “मशिन उशिरा थांबली. चाचणीत ते आलं होतं. मी पाहिलंच नाही.”

“तुमी तर शून्य म्हणला व्हता.”

“हो. म्हणाले होते.”

पुन्हा ज्ञानदेव बोलला, आणि आता त्याचाही आवाज वेगळा होता. “ताई, ब्रेकच्या आत डिझेल गेलं आसंल का हो? आंघोळ मीच घातली.”

“खोलून पाहावं लागेल, ज्ञानदेव. मला ठाऊक नाही.”

“ताई,” मागून शालनबाई म्हणाल्या, “मग साहेबास्नी तेवढं सांगाल का? माझं कोण ऐकतंय. लेकीला अजून कळवलं न्हाई म्या. काय सांगू, माझ्या चुकीनं झालं का मशिनीच्या?”

“मशिनच्या, मावशी. आणि माझ्या. मी सांगते साहेबांना.”

फोन ठेवल्यावर थोड्या वेळाने यशवंतराव आले.

“काढला रिपोर्ट?”

“काढला, सर. दोषी तीन.”

“तीन? सकाळी शून्य होते.”

“सकाळी आपण फक्त मोजलं, सर. पाहिलं नाही.”

“एकूण बरोबर होतं ना?”

“अगदी बरोबर होतं. मोजण्यातच सगळ्या नोंदी खर्च झाल्या. तपासणी रिकाम्या हाती परतली, आणि आपण ते शून्य वाचलं.”

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. यशवंतराव बसले.

“आधी एकूण सांगा, असं मीच म्हणालो होतो,” ते म्हणाले.

“तुम्ही बरोबर म्हणाला होता, सर. ओळ मी चुकीच्या जागी लिहिली. माझं नाव घाला. पण मशिन उशिरा थांबली, एवढं मात्र लिहा.”

“वर काय उत्तर देऊ मी? सकाळी शून्य पाठवलं, दुपारी तीन? लोक म्हणतील, बाईला वाचवायला आकडे फिरवले.”

“मला बोलवा. मी समजावून सांगते.”

“तुम्हाला अजून वर्षही झालं नाही, मॅडम.”

“मावशींची किती वर्षं झाली, सर?”

यशवंतरावांनी खिशातून फोन काढला. आधीच लिहून ठेवलेला मजकूर त्यांनी हलक्या आवाजात वाचला, “कामगाराच्या निष्काळजीपणामुळे...” आणि तिथेच थांबले. मग फोनच्या कळांचा बारीक आवाज येऊ लागला. ते खोडत होते की पुढे लिहीत होते, हे त्या आवाजावरून कळण्यासारखे नव्हते. दिपाली त्यांच्याकडे पाहत होती. तिलाही कळले नसावे. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. “हो सर. बोलतोय सर,” म्हणत ते उठले आणि शॉपच्या बाहेर गेले. पावले दूर जाईपर्यंत मी ऐकत राहिलो.

माझी हकीकत इथवर आहे.

दिपालीने तिन्ही नोंदींचा नवा रिपोर्ट तयार केला आहे, आणि खाली स्वतःचे नाव लिहिले आहे. माझ्या ओळीच्या वर तिने पुढच्या माणसासाठी सूचना ठेवली आहे. ती सूचना मी तुम्हालाही देतो, कारण माझे भाऊबंद तुमच्या आसपासच्या असंख्य यंत्रांत उभे आहेत. आम्हाला एकदाच फिरता येते. दोनदा पाहायचे असेल, तर आधी यादीत ओतून घ्या, किंवा प्रत्येक फेरीसाठी नवा इटरेटर घडवा. जी ओळ तपासते, तिलाच मोजू द्या. म्हणजे किती सापडले याबरोबर किती पाहिले, हेही तिलाच सांगावे लागेल. आणि चांगले शून्य हाती आले की पेढे मागवण्यापूर्वी आम्हाला एकदा थेट विचारा. आम्ही खोटे बोलत नाही. फक्त विचारल्याशिवाय बोलू शकत नाही.

मी दुष्ट नव्हतो, निष्काळजी नव्हतो. मला दिलेले प्रत्येक काम मी ठरल्याप्रमाणे केले, आणि त्याच कामात एका बाईच्या बोटाचे टोक गेले. याचा राग कोणावर धरावा, ते मला समजत नाही.

दिपाली उठली आहे. तिने पिशवी खांद्याला लावली आहे. परातीतले एक फूल तिने उचलले, थोडा वेळ हातात धरले आणि पुन्हा परातीत ठेवले. बहुधा ती आता दवाखान्यात जाईल. तिचा हात विंडो बंद करण्यासाठी पुढे आला आहे.

शालनबाईंचा प्रस्ताव सही होऊन आला का, यशवंतरावांनी ते वाक्य खोडले का, आपल्या लेकीला शालनबाईंनी शेवटी काय सांगितले, हे तुम्ही मला नक्की विचाराल. तुमचा प्रश्न मला ऐकू येतो आहे. जन्मापासून मी तोच एक प्रश्न ऐकत आलो आहे : ‘पुढचे?’

आणि माझ्यापाशी तोच एक शब्द आहे.